वस्तरा खाली ठेवणारे हात

रामराज्याच्या नेमके उलटे असे उद्याचे राज्य रंगविणाऱ्या कादंबऱ्या हल्ली पुष्कळ वाचल्या जातात. कॅनडातील लेखिका मार्गारेट ॲटवुड यांची १९८५ सालची ‘द हँडमेड्स टेल’ ही त्यांपैकी फार गाजलेली. तिच्यातील राज्यात एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, त्यांचे पैसे गोठविले जातात, त्यांना वाचण्याची बंदी होते आणि ज्या पुरुषाच्या पदरी बाई दिली, त्याच्या नावावरून तिला नाव मिळते. माणसाने पूर्वी कोठेच केले नाही असे काहीही आपण यात घातलेले नाही, असे लेखिकेने सांगून ठेवले आहे.

हे ऐकून आम्हांस आमचेच घर आठवले. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपलीच. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली. तिचा विषय विधवांचे हाल हाच. त्याच्या आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण पुनर्विवाह करणारीने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क सोडावा, हे कलमही त्यातच होते. पुढे १८८२ साली आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना खडसावून जाब विचारला. लोकांनी ताराबाईंवर टीका केली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. तात्पर्य, परदेशी लेखिकेला जे उद्याचे भय म्हणून दाखवावे लागले, ते आमच्या बायांच्या वाट्याला रोजच येत होते.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमू नवऱ्याच्या उत्तेजनाने लिहावाचायला शिकते; तो जातो, आणि सासरची माणसे तिचे बळजबरीने केशवपन करवितात. वाचकांनी डोळे पुसले. परंतु त्याच १८९० साली मुंबईत एक निराळी गोष्ट घडली. नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाही, असा निश्चय झाला. यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे आणि गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे. ही सुट्टीही १८९० च्याच जूनमधली.

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस यातला अर्थ चटकन कळतो. कोणताही जुलूम नुसत्या हुकुमाने चालत नाही. त्याला हात लागतात. शास्त्र सांगणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, पण वस्तरा धरणारा गरीब कारागीरच. त्याने हात आखडला की शास्त्राला वाट पाहावी लागते. त्या सभेने केशवपन एका दिवसात बंद झाले असे नव्हे. पण जे काम आपल्या हातून होते त्याचा जाब आपणही देणे लागतो, हे त्या नाभिकांनी जाणले. ॲटवुड यांच्या राज्यातही बायकांना वळण लावण्याचे काम बायकाच करतात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक सरकारने काढले. ठराव चांगला आहे. पण बांगड्या फोडण्यास कोणी कारागीर बोलावीत नाहीत. ते हात घरातल्याच आयाबायांचे असतात, आणि शेजारी मान खाली घालून आम्ही पुरुष उभे असतो. तेथे संप पुकारावयाला कोणतीही युनियन येणार नाही. जुन्या जालन्याच्या गल्लीत यापुढे असा प्रसंग आला, तर त्या घरातल्या एका तरी हाताने नकार द्यावा आणि आम्ही त्या हातामागे उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.