अब्राहामाची भूमि व कोंडिवट्याचें देऊळ

पवित्र शास्त्राच्या दोन भागांस जुना करार व नवा करार अशीं नांवें आहेत, हें लहान मूलही सांगेल. परंतु करार म्हणजे काय, तो कोणीं कोणाशीं केला, व त्यांतील वचनें कोणत्या रीतीनें पुरीं झालीं, असें विचारिलें असतां पुष्कळ मोठीं माणसेंही गप्प बसतात. ज्युबिलीच्या निमित्तानें हा विषय आम्ही मुद्दाम हातीं घेत आहों. कारण अंधेरी-मरोळकडील ख्रिस्ती लोकांच्या इतिहासाशीं त्याचा फार निकटचा संबंध आहे.

इ. स. १५७९ या एकाच सालांत दोन गोष्टी घडल्या. ठाण्याच्या साष्टींत, कोंडिवटे गांवीं, येशूसंघाच्या पाद्र्यांनीं संत योहान बाप्तिस्ता याच्या नांवें देऊळ उभारिलें. आणि त्याच सालीं थॉमस स्टीफन्स नामक इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला. त्याचें पुढील आयुष्य बहुतेक गोव्याच्या साष्टींत गेलें. (दोन्ही प्रांतांस नांव एकच आहे, म्हणून वाचकांनीं घोटाळा करूं नये.) तेथील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं व त्यांच्या जागीं तसें कांहीं मिळालें नव्हतें. ही उणीव ओळखून त्यानें सुमारें ११,००० मराठी ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें. या ग्रंथाच्या भाषेची गोडी सर्वच वाखाणितात. आमच्या मतें त्याची खरी थोरवी मांडणींत आहे. ख्रिस्तजन्माच्या कथेपूर्वीं स्टीफन्सनें ३६ अवस्वरांचें, म्हणजे अध्यायांचें, एक संपूर्ण 'पहिलें पुराण' जुन्या करारास दिलें. घाई करणारा उपदेशक थेट गव्हाणीपाशींच गेला असता. यानें श्रोत्यांस आधीं वाट पाहावयास लाविलें. कारण वचन किती काळ अडून राहिलें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तें फळल्याचा आनंद काय कळणार?

परमेश्वरानें अब्राहामास मुख्यतः तीन वचनें दिलीं: भूमि, संतति, आणि त्याच्याद्वारें पृथ्वीवरील सर्व कुळांस आशीर्वाद. कराराचा विधि उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत आहे. त्या काळीं पशु दुभागून समोरासमोर मांडीत व करार करणारे त्यांमधून चालत जात. जो वचन मोडील त्याची गति या पशूंसारखी होवो, असा त्याचा अर्थ. परंतु त्या रात्रीं अब्राहाम चालला नाहीं. धुमसती भट्टी व पेटती मशाल यांच्या रूपानें एकटा परमेश्वरच मधून गेला. शपथेचा सर्व भार त्यानें आपणावरच घेतला.

आतां भूमीचें पाहूं. ज्यास सारा कनान देश देऊं केला, त्या अब्राहामाच्या मालकीची जमीन मरतेवेळीं किती होती? मकपेला येथील एक शेत व त्यांतील एक गुहा. सारेस मूठमाती देण्यासाठीं त्यानें तें शेत हित्ती एफ्रोनाकडून ४०० शेकेल रुपें तोलून, गांवच्या वेशींत, लोकांच्या समक्ष विकत घेतलें. तो व्यवहार वाचतांना एखादें जुनें खरेदीखतच वाचीत आहों असा भास होतो. बांधावरचीं झाडेंसुद्धां त्यांत नमूद आहेत.

पुढें यहोशवाच्या काळीं देश हातीं आला, दाविदास अढळ सिंहासनाचें वचन मिळालें. आणि ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम पाडिलें, तेव्हां देश, सिंहासन व मंदिर हीं तिन्ही गेलीं. नगर वेढ्यांत असतां, स्वतः राजाच्या चौकींत बंदींत असतां, यिर्मया संदेष्ट्यानें अनाथोथ येथील आपल्या चुलतभावाचें शेत १७ शेकेलांस घेतलें! खताच्या दोन्ही प्रती, मोहरबंद व उघडी, त्यानें मातीच्या मडक्यांत ठेवविल्या, कीं त्या पुष्कळ दिवस टिकाव्या. अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराची घोषणा याच यिर्मयाच्या मुखें झालेली आहे. अंतःकरणावरील करार व शेताचें खरेदीखत या दोन गोष्टी एकाच माणसानें कराव्या, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

कोंडिवट्याचें देऊळ १८४० सालच्या साथीनंतर ओस पडलें व वस्तीबरोबर उपासना मरोळास गेली. पुढें भोवतालचीं शेतें उद्योगक्षेत्रांत गेलीं. १९७३ सालीं सीप्झची स्थापना झाली, आणि देवळाच्या पडक्या भिंती आज तिच्या कुंपणाच्या आंत आहेत. ज्यांच्या वाडवडिलांनीं तेथें भात लाविला, त्यांस आज फाटकावर परवानगी घेऊन आंत जावें लागतें. देवानें दिलेली भूमि गेली कशी, असें आमचे वृद्ध ईस्ट इंडियन बांधव विचारितात. स्वर्ग आहे ना, मग शेताचें काय घेऊन बसलां, असें उत्तर पुष्कळदां दिलें जातें. तें आम्हांस पटत नाहीं. १७ शेकेल तोलून देणाऱ्या यिर्मयासही तें पटलें नसतें. मात्र गेलेलें प्रत्येक शेत परत मिळेल अशी हमी करारांत आहे, असेंही शास्त्र म्हणत नाहीं.

खरें उत्तर त्या देवळाच्या पालक संताच्या घरचेंच आहे. योहानाचा पिता जखऱ्या याची वाचा परत आली, तेव्हां त्यानें देवाची स्तुति केली, कीं त्यानें आपला पवित्र करार व अब्राहामाशीं वाहिलेली शपथ स्मरिली. त्या दिवशीं देशावर रोमचें वर्चस्व होतें. वीतभर जमीनही सुटली नव्हती. तरी वचन पुरें झालें असें तो म्हणाला, कारण तारणारा येऊं घातला होता. संततीचें वचन त्या एका पुत्रांत पुरें झालें. आणि अब्राहामास ज्याची ओळखही नव्हती अशा कोंडिवट्याच्या शेतकऱ्याच्या कपाळावर बाप्तिस्म्याचें पाणी पडलें, तें सर्व कुळांच्या आशीर्वादाचें वचन पुरें होत असल्यामुळेंच. दुभागलेल्या पशूंमधून जो एकटा चालला, त्यानेंच शेवटल्या भोजनाच्या वेळीं प्याला उचलून आपल्या रक्तानें नवा करार केला. त्याच कराराचा मिस्सा कोंडिवट्यास झाला व मरोळास चालू आहे. भूमीचें वचन तेवढें पूर्णतेची वाट पाहत आहे. अब्राहामही तिची वाट पाहतच मेला.

जातां जातां एक विनंति. ज्यांच्या घरीं जुनीं खरेदीखतें, सातबाराचे उतारे वा आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याचे दाखले असतील, त्यांनीं ते रद्दींत घालूं नयेत. मडकें नसलें तरी पत्र्याची पेटी चालेल. फक्त पावसाळ्यापूर्वीं एकदां उन्हांत उघडून पाहावी.