व्होल्गेकांठचा परका आणि संजाणचा मधुमती

आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती कादंबरी आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांतील तरुण मंडळींनीं वाचलेली असेल. निदान तिजवरून १९९९ सालीं निघालेला ‘द थर्टीन्थ वॉरिअर’ हा बोलपट तरी पाहिलेला असेल. अमेरिकन लेखक मायकेल क्रायटन यानें १९७६ सालीं ‘ईटर्स ऑफ द डेड’ या नांवानें ती प्रसिद्ध केली. बगदादच्या खलिफाचा एक वकील उत्तरेकडील दर्यावर्दी योद्ध्यांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, टोळींत सांपडतो, तेरावा गडी म्हणून त्यांच्याबरोबर जातो, आणि धुक्यांतून येणाऱ्या नरभक्षकांशीं झुंजून माघारी येतो, असें तिचें कथानक आहे. पुस्तक मिटल्यावर घरोघर एकच प्रश्न निघतो : यांत खरें किती?

नायक खरा आहे. अहमद इब्न फदलान हा खलिफा अल्‌-मुक्तदिर याच्या वकिलातीबरोबर इ. स. ९२१ च्या जूनमध्यें बगदादेहून निघाला व पुढील वर्षाच्या मे महिन्यांत व्होल्गा नदीकांठीं बल्गार राजाच्या छावणींत पोहोंचला. तेथें व्यापारासाठीं आलेले ‘रूस’ लोक त्यानें पाहिले, त्यांच्या एका सरदारास नौकेसह दिलेला अग्नि पाहिला, आणि सर्व लिहून ठेवलें. याकूत नांवाच्या भूगोलकारानें घेतलेल्या उताऱ्यांवरून हा वृत्तान्त जगास ठाऊक होता. त्याची विस्तृत हस्तलिखित प्रत १९२३ सालीं इराणांतील मशहद येथें सांपडली. कादंबरीचीं पहिलीं तीन प्रकरणें या वृत्तान्तावर उभीं आहेत. पुढचा सारा भाग मात्र ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी वीरकाव्याचा नवा वेष आहे.

लेखकानें गंमत अशी केली कीं, तळटीपा, संदर्भग्रंथ, हस्तलिखितांची चर्चा असा विद्वत्तेचा थाट त्यानें शेवटपर्यंत राखला. ज्या पंडिताच्या भाषांतराचा तो हवाला देतो त्याचें नांव ‘फ्राउस-डोलस’. लॅटिनमध्यें या दोन्ही शब्दांचा अर्थ फसवणूक असाच आहे! चोरानें दारावर आपली पाटी लावावी त्यांतला हा प्रकार. कादंबरी म्हणून मला ती आवडते. परंतु तिच्या आधारें कोणी व्हायकिंगांचा इतिहास सांगूं लागला तर त्यास थांबविलें पाहिजे.

कारण खरा इब्न फदलान व्होल्गेच्या पलीकडे कोणत्याही राक्षसाशीं लढावयास गेला नाहीं. त्याचें संकट निराळें होतें. बल्गार राजानें किल्ला बांधण्यासाठीं खलिफाकडे द्रव्य मागितलें होतें. चार हजार दिनार मिळावयाचे होते, ते वाटेंत हातीं आलेच नाहींत, आणि रिकाम्या हातानें राजासमोर उभें राहण्याची पाळी या वकिलावर आली. रूस लोकांची उंच, भरीव शरीरें पाहून तो थक्क होतो; एकाच पात्रांतील पाण्यानें सर्वांनीं तोंड धुण्याची त्यांची रीत पाहून त्यास शिसारी येते. दोन्ही गोष्टी तो सारख्याच मोकळेपणानें नोंदतो. कादंबरींतला नायक हळूहळू त्या लोकांचाच होऊन जातो. खरा वकील अखेरपर्यंत परकाच राहिला, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

आतां हाच काळ आपल्या किनाऱ्यावर पाहूं. इब्न फदलान निघण्यापूर्वीं पांचच वर्षें, हिजरी ३०४ सालीं, मसूदी हा अरब इतिहासकार सैमूर म्हणजे आपल्या चेऊल बंदरांत होता. तेथें सुमारें दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचें तो सांगतो. किनाऱ्यावर शिलाहार झंझ राजा होता, आणि त्याच्यावर राष्ट्रकूट सम्राट, ज्यास अरब ‘बल्हारा’ म्हणत.

याहून नवलाची गोष्ट डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें मिळालेल्या ताम्रपटांत आहे. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या या पटावरून असें दिसतें कीं, संजाणचें मंडल राष्ट्रकूट कृष्णराजानें मधुमती नांवाच्या एका ‘ताजिक’ अधिकाऱ्यास दिलें होतें. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप. पित्याचें नांव ‘सहियारहार’, यांत शहरियार हें इराणी नांव ओळखूं येतें. यानें आसपासचे बंदरप्रमुख जिंकले, नदीवर मोफत तर चालविली, संजाणास अन्नसत्र घातलें. त्यांत भात, कालवण व तूप मिळे. शिवाय देवीच्या मठिकेस जमीन लावून दिली. इब्न फदलान व्होल्गेवरून परतल्यानंतर थोड्याच वर्षांत हा पट कोरला गेला.

दोन परके, एकच दशक. एकाविषयीं आपणांस त्याची शिसारीसुद्धां ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मनाविषयीं कांहींच नाहीं. याचें कारण साधनांत आहे. परत जाणारा मनुष्य आपल्या लोकांसाठीं लिहितो, म्हणून त्याला जें विचित्र वाटलें तें आधीं येतें. जो येथेंच राहिला त्याच्याविषयीं येथल्या पंडितांनीं लिहिलें, आणि त्यांनीं त्यास दानशूर मांडलिकाच्या ठरीव सांच्यांत बसविलें. ताम्रपट परकेपणा पुसून टाकतो.

हा सांचा किती घट्ट असे तें पाहण्यास भिवंडी तालुक्यांतच उदाहरण आहे. अंबाडीकडे राहणाऱ्यांस फार लांब जावयास नको. भिवंडीच्या उत्तरेस सुमारें दहा मैलांवर भेरे येथें शिलाहार अपराजिताचा शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ चा ताम्रपट मिळाला. लोनाडच्या लोणादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या, देवळास भादाणें गांव दिल्याचा तो लेख. राष्ट्रकूटांचें राज्य तैलपानें बुडवून दोन तपें लोटलीं होतीं. तरी लेखक आधीं त्या मृत घराण्याची सारी वंशावळ गातो, आणि मग आपल्या राजाकडे वळतो! अशा लेखणीच्या हातून मधुमतीचें मन आपल्यापर्यंत कसें पोहोंचावें?

मराठींत मधुमतीवर कोणी कादंबरी लिहावी असें मला फार वाटतें. तिला नरभक्षक लागणार नाहींत. तर, अन्नसत्र व मठिका एवढें सामान पुरे आहे. फक्त लेखकानें खोट्या तळटीपा घालूं नयेत. संजाणच्याच शके ९५६, म्हणजे इ. स. १०३४ च्या दुसऱ्या एका पटांत तेथील नागरिकांची नांवें येतात. त्यांत अल्लिय व महर यांच्याबरोबर एक नांव ‘मधुमत’ असें आहे. शंभर वर्षें उलटून गेल्यावरचा हा दुसरा महंमद. त्याच्या वेळीं मात्र तें नांव बंदरांतील एका नागरिकाचें झालें होतें.