ग्वोझ्जेत्सचे छत

वॉर्सातल्या पोलिन संग्रहालयात एक लाकडी छत लटकवलेले आहे. त्यावर बारा राशी आहेत, सिंह आहेत, दाट वेलबुट्टी आहे आणि हिब्रू मजकूरही. मूळ छत होते ग्वोझ्जेत्स या गावच्या सतराव्या शतकातल्या सिनेगॉगचे. गाव आज युक्रेनमध्ये आहे. १७२९ साली चित्रकारांनी रंगकामात आपली नावेही लिहून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ती इमारत नष्ट केली.

लाकूड गेले, कागद उरले. व्हिएन्नाच्या आलोइस ब्रायरने पहिल्या महायुद्धाआधी गावोगाव फिरून अशा लाकडी सिनेगॉगची मापे आणि छायाचित्रे घेतली होती. पुढे वॉर्सा पॉलिटेक्निकच्या ऑस्कर सोस्नोव्स्की यांनी हे काम संस्थेमार्फत नेटाने चालवले. तिथला शिमोन झायचिक कॅमेरा घेऊन हिंडला. सोस्नोव्स्की १९३९च्या वेढ्यात गेले. ज्यू असलेल्या झायचिकला जर्मनांनी मारले.

वाचलेल्या नोंदींवरून मारिया आणि काझिमिएश पिएखोत्का या वास्तुविशारद दांपत्याने १९५७ साली ग्रंथ काढला. त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकन कलावंत फ्रँक स्टेला याच्या हाती पडली आणि १९७० ते ७४ या काळात ‘पोलिश व्हिलेज’ ही मालिका घडली. पुठ्ठा, नमदा, लाकूड यांचे तिरके तुकडे एकमेकांत अडकवलेले; ना घुमट, ना राशी. ओळख पटते ती शीर्षकांतल्या गावांच्या नावांवरून.

अमेरिकेतल्या रिक आणि लॉरा ब्राउन या कलाशिक्षक जोडप्याने उलट वाट धरली. त्यांना नुसते छत नको होते, ते उभारण्याची कारागिरीही परत हवी होती. २०११च्या उन्हाळ्यात पोलंडमधल्या सानोक इथे सुतार आणि विद्यार्थ्यांनी ओंडके कुऱ्हाडीने तासले. एकजण ओंडक्यावर, दुसरा खाली, अशी करवत ओढून फळ्या पाडल्या. मग पोलंडच्या वेगवेगळ्या शहरांत सशाच्या कातड्याच्या सरसात रंगद्रव्ये कालवून चित्रे रंगवली गेली. जुनी छायाचित्रे कृष्णधवल. मूळ रंगांचा माग लागला तो मुख्यतः इझिडोर काउफमान या चित्रकाराने तिथे बसून केलेल्या रंगीत अभ्यासचित्रावरून.

तयार झालेली प्रतिकृती मूळच्या ८५ टक्के आकाराची आहे आणि तिच्याखाली कुणी प्रार्थना करत नाही. तरीही स्मारक म्हणून ती स्टेलाच्या मालिकेहून अधिक काही देते: हरवलेले कसब पुन्हा माणसांच्या हातात आले. ज्या सिनेगॉगची मापे कुणी घेतलीच नव्हती, त्यांच्या बाबतीत मात्र हा मार्ग कायमचा बंद आहे.