तेर : अनेक हातांनी घडलेले मांडणशिल्प

#थ्रेड

१/ टाकून दिलेल्या वस्तू वेचायच्या, अनेकांनी मिळून त्यांची नवी रचना उभारायची आणि ती डोळ्यांबरोबरच स्पर्शाने, कानांनी अनुभवायची. अशा कलाकृतीला आज मांडणशिल्प म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाने हे काम शतकानुशतके केले, तेही कलावंत म्हणून कोणाचे नाव न कोरता.

२/ तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ हे नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगतो. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

३/ वैभव ओसरले, मागे उरली पांढरी. म्हणजे जुन्या वस्तीची माती. मराठवाड्यात धाब्याच्या घरांसाठी ही माती खणून नेण्याची रीत जुनीच. अशा रीतीने एका युगाचा ढिगारा पुढच्या युगाच्या डोक्यावरचे छप्पर होतो.

४/ त्रिविक्रम मंदिर पाहा. मागील बाजूस अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठाकार छत असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे समोर मंडप जोडला गेला. आत त्रिविक्रमाची मूर्ती उभी राहिली. आंध्रातील चेझर्ल्याचे कपोतेश्वर मंदिरही याच जातीचे. वास्तू पाडली गेली नाही, नव्या श्रद्धेने ती वापरात ठेवली, म्हणूनच ती वाचली.

५/ आता स्पर्श. तेरच्या जुन्या विटा हातात घेतल्यास नवल वाटावे इतक्या हलक्या. काही तर पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भाताचा तूस भट्टीत जळून गेला आणि विटेत असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहिल्या.

६/ या विखुरलेल्या वारशाचे मोल ओळखले ते गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. परिसरात सापडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती, खापरे त्यांनी जमवली. आज तो संग्रह त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे.

७/ त्यात केओलिन या पांढऱ्या मातीच्या, साच्यातून काढलेल्या नाजूक मूर्ती आहेत. एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. तिची तुलना इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेरची मूर्ती मराठवाड्याच्या मातीत टिकली.

८/ आणि नाद. तेर ही संत गोरोबा काकांची भूमी. कुंभार मडके टिचकीने वाजवून ते पक्के की कच्चे हे ओळखतो. गोरोबांनी थापटण्याने संतांची मस्तके पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा त्याच कारागिरीतून उमलली. ज्या गावाच्या मातीत दोन हजार वर्षांची खापरे आहेत, तेथे ही कथा अधिक अर्थपूर्ण वाटते.

९/ मात्र एक सावधानता हवी. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. अशा उत्खननात वस्तू कोणत्या थरात सापडली, याची नोंद होते आणि त्यावरून काळ ठरतो. वाटेत उचलून खिशात घातलेला मणी सुंदर असतो, पण मुका असतो.

१०/ म्हणून तेरला गेलात तर पाहा, ऐका, अनुभवा. पांढरीत काही दिसले तर जागा नोंदवा, संग्रहालयाला कळवा. हे मांडणशिल्प अजून अपूर्ण आहे आणि त्यात आपला हात जोडणारा असावा, हिरावून नेणारा नसावा.