शिबपूरची बाग आणि घरची चूल

आषाढी एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील बहुतेक घरांत साबुदाण्याची खिचडी शिजते. वडीलधाऱ्यांचा उपवास आणि मुलाबाळांची चंगळ! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही उगीच पडलेली नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या खिचडीकडे पाहिले, तर त्याला मोठी मौज वाटेल. बटाटा, मिरची आणि भुईमूग हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. आज ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही तिकडचाच. धर्मशास्त्रकारांनी ज्यांचे नावही ऐकले नव्हते, असे हे चार परदेशी पाहुणे आपल्या उपवासाच्या पानात मानाने बसले आहेत.

या पाहुण्यांपैकी साबुदाण्याचा इतिहास शोधू लागले, म्हणजे वाट हावड्याला जाते. हुगळीच्या पश्चिम तीरावर, कलकत्त्याच्या समोर, हावडा वसले आहे. याच हावड्यातील शिबपूर येथे १७८७ साली एक वनस्पतिउद्यान स्थापन झाले. तेथील विस्तीर्ण वटवृक्ष जगप्रसिद्ध आहे. १९२५ साली बुरशी लागलेला त्याचा मूळ बुंधा काढून टाकावा लागला. तरी तो वृक्ष आपल्या पारंब्यांवर उभाच आहे. २००९ पासून या उद्यानाला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. पण ही बाग मुळात शोभेसाठी निघाली नव्हती. तिच्या मुळाशी भूक होती.

बंगालची ही भूक समजून घ्यावयाची तर थोडे मागे जावे लागेल. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या बारगिरांचे 'बर्गी' होऊन ते बंगाली अंगाईगीतात जाऊन बसले. मूल निजवताना बंगाली आई आपल्या घोडेस्वारांचे भय घाली, हे मराठी श्रोत्याने संकोचाने का होईना, पण ध्यानात ठेवले पाहिजे. त्या गीतात धान्याची आणि साऱ्याची चिंता आहे. १७५१ च्या तहाने त्या स्वाऱ्या थांबल्या. साऱ्याची चिंता मात्र संपली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिवाणी आली आणि पाचच वर्षांत, १७७० साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. निदान एक तृतीयांश प्रजा मेली, असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली कळवला. तो आकडा पुढे वादाचा ठरला. परंतु त्याच पत्रातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: १७७१ सालची सारावसुली १७६८ सालापेक्षाही अधिक भरली होती!

या दुष्काळाची आठवण ताजी असतानाच, १७८६ साली, कंपनीच्या सैन्यातील लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड याने सरकारपुढे एक योजना मांडली. मलाया द्वीपसमूहातून साबूचा माड आणि इराणातून खजूर आणून लावावा, म्हणजे भात बुडाला तरी लोकांना आधार राहील, असा त्याचा विचार होता. साबूच्या झाडाला फुलोरा येण्यापूर्वी ते तोडतात, बुंध्यातला गाभा कुटून पाण्यात धुतात आणि तळाशी बसलेल्या सत्त्वाचे दाणे वळतात. कल्पना सहृदय होती, यात शंका नाही. परंतु साबूला बारमाही दमट उष्मा लागतो. बंगालचा कोरडा हिवाळा त्याला मानवणारा नव्हे. साबूचा माड बंगालचे पीक कधीच झाला नाही. बागेला यश आले ते निराळ्याच रोपाने. १८३५ साली चीनमधून आलेले चहाचे बी येथे रुजवून त्याची रोपे आसामात आणि कुमाऊंत पाठवण्यात आली. भुकेसाठी काढलेल्या बागेतून व्यापाराचे पीक निघाले.

साबू मात्र घराघरांत शिरलाच. पिकाच्या रूपाने नव्हे, तर वाण्याच्या पुडीतून. आजारी मुलाला पचायला हलका म्हणून बंगाली आई साबू शिजवून देई; आपल्याकडे त्याची खीर होई. व्रताच्या दिवशी बंगाली गृहिणी भिजवलेल्या साबूत केळे, नारळ आणि साखर कालवते. आपण त्याला मिरची आणि दाण्याचे कूट लावतो. दाणा एकच, संस्कार दोन. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलाया जपान्यांच्या हाती गेला आणि आयात थांबली. तेव्हा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओका कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा मूळ धरू लागला. माड गेला, कंद आला. नाव तेवढे टिकले.

त्याच युद्धाच्या काळात हावड्याने भुकेचे दुसरे रूप पाहिले. १९४३ च्या फेब्रुवारीत हावड्याचा प्रचंड पूल वाहतुकीला खुला झाला आणि त्याच वर्षी बंगालचा दुष्काळ शिगेला पोहोचला. वीस ते तीस लाख माणसे मेली. खेड्यापाड्यांतून महानगराकडे आलेले उपाशी जीव दारोदार भात मागत नव्हते. ते 'फ्यान' मागत होते. फ्यान म्हणजे भाताची पेज, जी आपण तान्ह्याला वाटीने पाजतो. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता, हे खरे. परंतु महागाई, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई यांनीच गरिबाच्या तोंडचा घास काढून घेतला. बाजारात धान्य होते; ते विकत घेण्याचे बळ मजुराच्या आणि कोळ्याच्या हाती उरले नव्हते.

किडच्या योजनेतील उणीव येथे उघड होते. नवे झाड लावले म्हणजे भूक भागेल, असे त्याला वाटले. पण १७७० साली काय किंवा १९४३ साली काय, प्रश्न केवळ झाडाचा नव्हता. पिकलेले अन्न कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचते, हा होता. वनस्पतिशास्त्र बी देऊ शकते, वाटणी देऊ शकत नाही. ती राज्यव्यवस्थेने करावयाची असते आणि तिची खरी परीक्षा घरातल्या सर्वांत धाकट्या पोराच्या ताटलीत होते. ती ताटली भरली नाही, तर कोठारात धान्याच्या कितीही राशी असोत, त्या देशात दुष्काळच आहे असे समजावे.