जालन्याजवळचें बेथेल

१८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी, म्हणून न्यायालयानें त्याला पित्याकडे सोपविलें. त्या मुलाला ज्ञातींत परत घ्यावें यासाठीं बाळशास्त्री जांभेकर झटले व सनातन्यांचा रोष त्यांनीं ओढवून घेतला. नारायणराव पुढें पाद्री होऊन जालन्यास आले. निजामाच्या राज्यांत सर सालारजंगांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं बेथेल हें गांव वसविलें. १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेसहि ते पागोटें बांधूनच गेले! बेथेलांत आले ते बहुतेक मांग व महार. वेशीबाहेर राहणाऱ्यांना स्वतःची वेस मिळाली. उपदेशापेक्षां या वेशीचें आकर्षण अधिक असावें, असें मला वाटतें. एका श्रीपतीसाठीं शास्त्रार्थ झाले. या लोकांना परत बोलावण्यासाठीं कोणी पोथी उघडली नाहीं.