रेडिओवाल्यांची भुतं

ज्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कधी व्हॉल्व्ह, कॉइल किंवा स्पीकरचा कोन घासाघीस करून घेतला आहे, त्याला रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे समजायला समीक्षकाची गरज नाही. मी कराडात आधी रेडिओ आणि मग टीव्ही दुरुस्त करण्यात हयात घालवली. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची आणि सकाळी मालाची यादी खिशात घालून लॅमिंग्टन रोड गाठायचा, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. त्याच रस्त्यावर फत्तेचंद रामसिंघानींचं रेडिओचं दुकान होतं. फाळणीआधी ते कराचीत हाच धंदा करत. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला आडनाव झेपेना, म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं, आणि तेच नाव घेऊन ते मुंबईत आले.

सिनेमाचा नाद मूळ वडिलांचा, म्हणजे फत्तेचंदांचा. पृथ्वीराज कपूर आणि सुरैयाला घेऊन त्यांनी 1963 साली ‘रुस्तम सोहराब’ काढला. सुरैयाचा हा शेवटचा चित्रपट. 1970 चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ मात्र साफ आपटला. त्यात चोरीच्या एका प्रसंगात पृथ्वीराज भयानक मुखवटा चढवून येतात. तुलसी आणि श्याम ही मुलं थिएटरात बसून पडद्याऐवजी पब्लिककडे बघत होती. बाकी सिनेमाभर कंटाळलेली माणसं तेवढ्या प्रसंगाला सावरून बसत. दुकानदाराच्या पोरांना एवढी खूण पुरते. गिऱ्हाईक कशाला हात लावतं ते पाहायचं आणि पुढच्या खेपेला तोच माल भरायचा.

मुलगे एकूण सात, आणि बाहेरचा माणूस म्हणजे पगार. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज सांभाळणार, अर्जुन संकलन करणार, केशूही त्यांच्या जोडीला. फिल्म इन्स्टिट्यूटला कुणी गेलं नाही. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचं कॅमेऱ्यावरचं पुस्तक आणून बसले आणि त्यावरून धडे गिरवले. आम्ही तरी वेगळं काय केलं? सर्किटचा नकाशा समोर ठेवायचा आणि सोल्डरिंगच्या चटक्यांनी शिकायचं.

1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ हा या कारखान्याचा पहिला खरा माल. नट, तंत्रज्ञ आणि घरची मंडळी असे सगळे बसने महाबळेश्वरला गेले. सरकारी गेस्ट हाउस भाड्याने घेतलं. स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. चाळीसेक दिवसांत शूटिंग आटोपलं, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. स्टुडिओत सेट उभारायचा तर हवेलीचा एक जिनासुद्धा परवडला नसता. इथे जिना, व्हरांडा आणि खोल्या भाड्यातच मिळाल्या. इंग्लंडच्या हॅमर कंपनीनेही हेच केलं होतं. थेम्सकाठी ब्रे गावातला जुना वाडा घेऊन त्यातच स्टुडिओ थाटला आणि 1958 साली ख्रिस्तोफर लीचा ड्रॅक्युला तिथूनच बाहेर काढला. भुताटकीला वाडा लागतो म्हणतात. मला विचाराल तर तो आधी निर्मात्याला लागतो.

‘पुराना मंदिर’ आला 1984 साली. आमच्या भागात तो पोचला पालच्या खंडोबाच्या जत्रेत, तंबूत. मध्ये पडदा, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, मागे जनरेटरची धडधड. त्या जनरेटरपायी मला तंबूत फुकट शिरता यायचं. गोष्ट अशी: सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं राजा हरिमानसिंग धडावेगळं करतो. धड मंदिरामागे पुरतात, मुंडकं पेटीत घालून हवेलीत ठेवतात. सामरीचा शाप असा की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी कुणीतरी पेटी उघडणारच, हे तंबूतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर मजा! पेटीकडे हात गेला की मागून आरोळी यायची, ‘अरं उघडू नगं!’ आणि उघडली की शिट्ट्या. सदाशिव अमरापूरकर दिसले की ‘आपला माणूस’ म्हणून वेगळी शिट्टी. मधेच विनोदी नट जगदीपचा ‘शोले’च्या नकलेचा तुकडा यायचा; तो भुताच्या सिनेमात का, हे आजही कुणी सांगू शकणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला बिडी ओढायला उसंत लागते, ती त्या तुकड्याने मिळायची.

सामरी झाला होता अजय ऊर्फ अनिरुद्ध अगरवाल, रूरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. उंची अशी की दारातून वाकूनच यावं. हॉलिवुडमध्ये 1931 साली बोरिस कार्लॉफला फ्रँकेनस्टाइनचा राक्षस करायला रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज तासन्‌तास रंगवत बसायचा. रामसेंना एवढा वेळ आणि पैसा कुठला? त्यांनी राक्षसाच्या मापाचा माणूसच शोधला. तोच पुढे ‘बंद दरवाजा’त (1990) नेवला नावाचा सैतान झाला, काळ्या झग्यातला, थेट ख्रिस्तोफर लीच्या वळणाचा.

गंगू रामसेच्या प्रकाशयोजनेबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही, आणि ते मला खटकतं. निळा, लाल, हिरवा प्रकाश, समोरून धूर, मागून एकच तीव्र दिवा. मोजक्या दिव्यांत खोली खोल दाखवायची तर याहून शहाणा उपाय नाही. मुखवट्याचं रबर अर्ध्या अंधारात कातडी वाटतं. पूर्ण उजेडात ठेवलं असतं तर पहिल्याच खेळाला हसं झालं असतं.

1990 नंतर व्हिडिओने आणि केबलने तंबूंचा धंदा बसवला. रामसेंनी वेळ ओळखली आणि 1993 साली ‘झी हॉरर शो’ सुरू केला. शोच्या रात्री कुणाचा टीव्ही बिघडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिव्या मी खायच्या. पुढे मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ एकत्र डीव्हीडीवर काढले, आणि परदेशातले शौकीन सामरीचे भक्त झाले. आपल्याकडच्या जाणकारांनाही मग त्यात ‘कल्ट’ दिसू लागला. पालच्या जत्रेतल्या मंडळींना हे कुणी विचारलंच नव्हतं.

नव्या माणसाने सुरुवात ‘पुराना मंदिर’पासूनच करावी. दिवे घालवावेत, आवाज मोठा ठेवावा, आणि जगदीप आला की चहा टाकायला उठावं.